एकसष्टाव्या पानावरचा रकाना

२ जून, सकाळी १०.४०
फॉर्म तयार. ९२ पानं, ६१४ रकाने, सगळे कॉम्प्युटरवर भरायचे. घरातलं माणूस गेलं की कुटुंबाची नोंद वारसाच्या नावावर करायला आमच्या ऑफिसात आजवर दोन पानी कागदी फॉर्म होता. दोन पानांत माणूस मावतो का? मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, बराच मोठा झालाय. मी कौतुक समजलो.
शेजारच्या टेबलावरच्या शंकासुराने (शंका काढण्यापलीकडे त्याला काम नाही) विचारलं, आधी कुणाकडून भरून बघितलास का. गाढवाला गुळाची चव काय.

३ जून
पहिला अर्ज घरचाच. बाबा ऑक्टोबरात गेले, पण नोंद अजून त्यांच्याच नावावर. दवाखान्याचं कार्ड या नोंदीवर चालतं. २८ जूनला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्याआधी हे झालंच पाहिजे. तारीख हुकली तर पुढची सहा महिन्यांनी. चहात साखर पडली की मीठ, हे तिला हल्ली चव घेतल्यावरच कळतं.
चौथ्या पानावर अर्जदार म्हणून आईचं नाव टाकलं. एकसष्टाव्या पानावर मृत व्यक्तीचं नाव. तो रकाना आपोआप भरलेला दिसला. फॉर्म हुशार आहे. पटकन पुढच्या पानावर गेलो.

६ जून
फॉर्म ४१ एमबीचा. मेलने जात नाही, कारण लोकांच्या मेलबॉक्सच लहान. काहींनी मोबाइलवर उघडला, त्यांना रकाने दिसलेच नाहीत. एका आजोबांनी सगळी पानं छापून, पेनाने भरून, एकेका पानाचा फोटो पाठवला. नाचता येईना, अंगण वाकडं. तो सोडला तरी घरचा धरून ३७ अर्ज आले. एक बटण दाबलं, सगळी माहिती थेट नोंदीत. तपासायची गरजच नाही.
संकल्प: उद्यापासून आठ वाजता ऑफिसात.

७ जून
९.५०. घड्याळ मागे पडलं असावं.

१३ जून
घरी आमच्याच ऑफिसचं पत्र. बाबांच्या नावाने. आपल्या पत्नीच्या निधनाबद्दल कार्यालय आपल्या दुःखात सहभागी आहे, वगैरे. आईने भिंग लावून दोनदा वाचलं. म्हणाली, कधी गेले रे मी? सांगायचंस तरी.
छपाईची चूक म्हणालो. तिने पत्र बाबांच्या उशीखाली ठेवलं. त्यांच्या नावाचं आहे, म्हणाली.

१६ जून, दुपारी ४
घरचा फोन वाजला. दवाखान्याचा रेकॉर्ड केलेला आवाज. बाबांचं पूर्ण नाव घेऊन त्यांना वार्षिक तपासणीला बोलावलं. आईने स्पीकरवर टाकायला लावलं आणि संपेपर्यंत ऐकलं. पुन्हा करतील का, विचारलं.
फोनशेजारीच बाबांची खुर्ची. का कोण जाणे, मी जरा ओढून ठेवली, माणूस बसू शकेल इतकी. व्हायरस असणार. कॉम्प्युटरमधला.

१८ जून
काउंटरसमोर मेलेल्यांची रांग. ३७ अर्जदार, नोंदीत सगळे मृत. आणि ज्यांच्यामागे अर्ज केले ते सगळे हयात. कुणी ओरडत नव्हतं. एका आजींनी हळूच विचारलं, आमच्या ह्यांची हयात म्हणून नोंद आलीये, तर ते राहतात कुठे तेवढं सांगाल का. सर्व्हर बघून येतो म्हणालो. सर्व्हरच्या खोलीत वीस मिनिटं नुसता उभा होतो. तिथला पंखा अगदी बाबांसारखा खोकतो.

२० जून
दवाखान्यातून कळवलं, मृत व्यक्तीला ऑपरेशनची तारीख देता येत नाही. २७ पर्यंत नोंद दुरुस्त करा, नाहीतर तारीख दुसऱ्याला. मी चढ्या आवाजात म्हटलं, आई माझ्यासमोर जेवतेय. पलीकडची बाई म्हणाली, नोंदीत नाहीत ना.

२१ जून
शंकासुराने फॉर्म उघडला. एकसष्टाव्या पानावर आईचं नाव खोडून बाबांचं टाकलं. मग चौथं पान दाखवलं. तिथेही बाबा. आई पुसली गेलेली. पुन्हा चौथ्यावर आई टाकली, तर एकसष्टाव्यावर बाबा नाहीसे. मी खुर्ची मागे ओढली.
भूतबीत काही नाही, म्हणाला. फॉर्म बनवताना मीच चौथ्या पानावरचा रकाना कॉपी करून एकसष्टाव्यावर चिकटवला आणि त्याचं आतलं नाव बदललं नाही. कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही रकाने एकच. एकात लिहिलं की दुसऱ्यात उमटतं. म्हणजे या फॉर्मात दोघांपैकी एकालाच जागा. चूक म्हणता येणार नाही, कॉपी करायची सोय देणाऱ्यानेच विचार करायला हवा होता.

२४ जून
रकाने वेगळे केले. आता फक्त आईचा अर्ज नव्याने भरायचा.
सकाळी चष्मा सापडेना. डोक्यावर होता. दुपारी मीटिंग. मग कीबोर्डचं एक बटण अडकतंय असं वाटलं.

२५ जून
६१३ रकाने भरले. एकसष्टाव्या पानावरचा राहिलाय. उद्या.

२६ जून
उद्या.
इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. ३ जूनला तो रकाना भरलेला दिसला तेव्हा त्यात नाव कुणाचं आहे हे मी बघितलंच नाही. बरं वाटलं होतं. आपल्याला लिहावं लागलं नाही म्हणून.

२७ जून, सकाळी ११.३०
मॅडमनी माझा फॉर्म बंद केला. दोन पानी कागद पुन्हा सुरू. शेजाऱ्यांच्या गाडीतून आई स्वतःच आली, रांगेत उभी राहिली. तिला ओळी दिसेनात, तेव्हा शंकासुराने पेन माझ्या हातात दिलं. तिने एकेक सांगितलं, मी लिहिलं. मृत व्यक्तीचं नाव आलं तशी ती थांबली. मग पूर्ण नाव म्हणाली, एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते. मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिने वाचून दाखवायला सांगितलं. वाचलं.
सात मिनिटांत नोंद बदलली. आई हयात. बाबा नाहीत. मला तिथेच रडू कोसळलं. शंकासुराने जेवणाच्या सुट्टीची पाटी लावून खिडकी ओढून घेतली. सुट्टीला अजून दीड तास होता.

२८ जून, दुपारी १
ऑपरेशन नीट झालं. पट्टी बांधलेल्या डोळ्याने आई पडून होती. आज त्यांचं काही आलं का, विचारलं. नाही म्हटलं. मग म्हटलं, आता येणार नाही, आई. बाबा गेलेत.
ती म्हणाली, माहीत आहे रे. मी तुझ्यासाठी थांबले होते.