आळत्याचा ठिपका

प्रिय मामिनी,

जगामामा आजच्या गाडीने सुरतला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. परवा फोनवर तू या आईला हसलीस. "बोऊ, थोडा डाग लागला म्हणजे पाळीच आली. दिवस गेलेच नव्हते. तू आपली पूजा कर." तुझे बापू शेजारीच होते, मला पुढे बोलता आलं नाही. काल वादळाने फोनची तार तुटली.

तुझी सुलोचनाकाकी आतड्याच्या दुखण्याने गेली असं तुला सांगितलं होतं. ते खरं नाही.

घरातल्या बायकांच्या पाळीचा हिशेब मीच ठेवते, देवापाशी पंचांगात आळत्याचा ठिपका देऊन. त्या वर्षी काकीचा दोन महिने ठिपका नव्हता. मग रज सणाच्या पहिल्या दिवशी तिला थोडा डाग लागला. धरणी रजस्वला होते त्याच दिवशी. मी ठिपका दिला, म्हटलं, "भाग्याची गं, धरणीबरोबर बाजूला बसलीस." ती म्हणाली, "अपा, सिझेरियनच्या टाक्यापाशी ओढल्यासारखं दुखतंय." मी म्हटलं, "झोपाळ्यावर बस, पोडपिठा खा. सणात बायकांना काम नसलं की दुखणी सुचतात." तीही हसली.

चौथ्या दिवशी, धरणीच्या न्हाणाच्या सकाळी, ती विहिरीपाशी पडली. इस्पितळात विचारलं, शेवटची पाळी कधी? मी चटकन रजची तारीख सांगितली. एवढा चोख हिशेब बघून त्यांनी गर्भाचा विचारच सोडला; अर्धा दिवस आतडीच तपासत राहिले. मग मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. गर्भ होता, पण जुन्या सिझेरियनच्या व्रणात रुतलेला, आणि तिथेच पिशवी फाटलेली. पिशवी काढली तरी रक्त थांबलं नाही. बाई म्हणाल्या, "दुखलं त्याच दिवशी आणली असती तर इंजेक्शनवर नाहीतर छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं." काकीची लिपी तेव्हा दोन वर्षांची होती. ठिपक्याचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही, देव्हाऱ्यातल्या जगन्नाथाला सोडून.

तुझ्याही पोटावर तो टाका आहे, आणि दीड महिना तुझी पाळी चुकली होती. वाचून होताच ऊठ, सोनोग्राफी करून घे. जुन्या टाक्यापाशी बघा म्हणावं. शेवटची पाळी विचारतील तेव्हा परवाची तारीख सांगू नकोस, तिच्या आधीची सांग. परवाचा ठिपका मी दिलेला नाही. पंचांगात ती जागा कोरी आहे.

वाट बघणारी,
तुझीच बोऊ