बिलावरचं नाव

अप्पा,

कुकरची शिट्टी झाली तरी तुम्हाला जाग आली नाही. रात्री उशिरा डोळा लागला असेल, म्हणून न उठवता लिहून ठेवतेय. मला आज येरवड्याला ऑफिसात लवकर पोचायचंय.

अकरा वाजता वीज कंपनीचे साहेब गच्चीवरचं सोलर तपासायला येतील. मागच्या खेपेला तुम्ही त्यांना सांगितलंत, "अवधूत दौऱ्यावर आहे, तो आला की या." ते बिचारे जिन्यातूनच परत गेले. सुरुवातीला मीसुद्धा फोनवर लोकांना असंच काहीबाही सांगत होते.

पण आज खरं सांगा, अप्पा. त्याला जाऊन दोन महिने झाले. मीटर त्याच्या नावावर, अनुदानाचा अर्जही त्यानेच भरलेला. आता बिलावर तुमचं नाव लागल्याशिवाय काही पुढे सरकणार नाही. मृत्यूचा दाखला टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. तोंडाने सांगवलं नाही तर नुसता पुढे करा, ते वाचतील.

आणि पॅनेलसाठी तुमच्या कुंड्या हलवल्या, त्यावरून तुमचं दोघांचं वाजलं होतं, ते आता मनातून काढून टाका. त्यानेही काढलं होतं. मला म्हणाला होता.

भाजी गॅसवर आहे. गोळी जेवणानंतर घ्या, आधी नाही.

स्पृहा उठलीय. शेजारी उभी राहून एकेक अक्षर लावत हे वाचतेय. विचारतेय, "बिलावरचं बाबाचं नाव काढलं, तर त्याला आपलं घर कसं सापडणार?"