ती चरबी नव्हती

आई, आज एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटात बोटं रुतवली आणि मी हादरले. टेबलावर उताणं झोपवून त्या म्हणाल्या, "आता फक्त मान उचला." मान उचलली तशी बेंबीवर उपड्या होडीसारखा उभा उंचवटा आला. तोच गं, सकाळी अंथरुणातून उठताना तुझ्या पोटावर यायचा तो. "तीन बोटं आत जातायत," त्या म्हणाल्या. पोटावर दोन उभे स्नायू असतात. गरोदरपणात ते एकमेकांपासून सरकतात, मधला पडदा ताणून पातळ होतो, आणि काही बायकांत तो पुन्हा आवळतच नाही. म्हणून पोट पुढे येतं, कंबर धरते. मी विचारलं, "उपास करून कमी नाही होणार?" त्या म्हणाल्या, "उपासानं चरबी जाते हो. ही चरबी नाही."

चरबी नाही! मला अजून दिसतं, भिवंडीच्या कारखान्यात तू लूमसाठी सुताच्या कांड्या भरतेस, शेजारची बाई तुझ्या पोटाकडे बघून विचारते, "काय गो, पुन्हा?" आणि तू हात न थांबवता म्हणतेस, "हाय ना, यावेली हत्ती हाय. बारशाला ये." सगळ्या हसतात, तूही हसतेस. पण दवाखान्यात हसली नाहीस. डॉक्टरनं हातसुद्धा न लावता सांगितलं, "चरबी वाढलीय. खाणं कमी कर." त्या दिवसापासून तू अर्ध्या भाकरीवर आलीस. मी म्हणायचे, "आई, जेव ना." तू म्हणायचीस, "नको गो, डाक्टर वरडंल." हातापायांच्या काड्या झाल्या तुझ्या. पोट होतं तसंच राहिलं.

आणि ते शिवता येतं, आई. स्नायू कापत नाहीत. त्यांच्यावरचं जाड आवरण मधोमध आत दुमडायचं आणि छातीच्या हाडाखालून ओटीपोटापर्यंत पक्क्या दोऱ्यानं शिवत जायचं, मग त्यावरून पुन्हा एकदा. दोन्ही स्नायू शेजारी येतात. उरलेली सैल कातडी काढून टाकतात. "हे कधीपासून करतात?" मी विचारलं. "बरीच वर्षं. मी शिकत होते तेव्हाही करायचे." म्हणजे तू होतीस तेव्हाही! कशेळीची खाडी ओलांडली की पलीकडच्या शहरात बायकांची पोटं शिवली जात होती, आणि इथे तू भाकरी मोडून अर्धी टोपलीत परत ठेवत होतीस. मी बाहेर येऊन जिन्यावर बसले.  

पोट सपाट करायच्या याच ऑपरेशनला मी आमच्या महिला संघटनेच्या भर सभेत श्रीमंत बायकांचे चोचले म्हटलं आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. आता कंबर अशी धरते की अर्धं भाषण टेबलाला टेकून करावं लागतं. सोमवारी दाखल होते आहे. बरी झाले की त्याच व्यासपीठावरून सांगणार आहे की हे चोचले नाहीत, ही बाळंतपणानं केलेली मोडतोड आहे आणि ती दुरुस्त करून घेणं बाईचा हक्क आहे. वाक्यंसुद्धा तयार आहेत. हा कागद कुणाला दाखवणार नाही, म्हणून तुला सांगते. आज संध्याकाळी कार्यकर्त्या आल्या होत्या, "ताई, कसलं ऑपरेशन?" म्हणून विचारत होत्या. मी हर्निया सांगितलं.