मानिसला घरी पाठवताना

१२ फेब्रुवारी २००५
मांजरं, ससाणे सोडून आज प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये भलताच पेशंट. ओरांगउटानचं पिल्लू! मादी, तीनेक वर्षांची. डायपर, वर गुलाबी फ्रॉक. चार दिवस जुलाब, मान टाकलेली. इथलेच अरब, उम्म सलाल गावचे अबू सालेम घेऊन आले, बरोबर त्यांच्या घरची कामवाली, सीती. पिल्लू सीतीच्या गळ्याला असं घट्ट, की सोडवेना. शेवटी तिच्या मांडीवरच मी पाय धरून ठेवला, डॉक्टरांनी सलाईन लावलं. खायला काय देता? "चिप्स. कोला." डॉ. पारकर नुसतं "हं" म्हणाले. नाव मानिस, म्हणजे सीतीच्या भाषेत गोड. मला आधी माणूस असंच ऐकू आलं.

१३ फेब्रु.
जगली. साखर-मिठाचं पाणी घेतलं, पण सीतीच्याच हातून.
सीती बोर्निओची. तिचं अरबी स्वयंपाकघरातलं, माझं भाजीबाजारातलं, तरी भागतं. म्हणाली, आमच्या नदीच्या वरच्या अंगाला असतात हे. ह्या घरात पहिल्यांदा बघितलं तेव्हा रडूच आलं. तिचा स्वतःचा मुलगा तिकडे, आजीपाशी.

१६ फेब्रु.
अबू सालेम मानिसला न्यायला आले. डॉ. पारकरांनी कागद मागितले. नाहीत. विकणारा म्हणाला होता, आई आजारी पडून मेली.
डॉ. पा. रत्नागिरीचे, आवाज कधी चढवत नाहीत. तसंच सांगितलं, "ह्यांची आई पिल्लाला सात-आठ वर्षं सोडत नाही. पिल्लू हवं तर आईला गोळी घालावी लागते. ती झाडावरून पडते. पिल्लू तिला चिकटलेलंच असतं."
अबू सालेम मग सीतीकडे वळले, "तुला ठाऊक होतं?"
"हो."
"मग बोलली का नाहीस?"
"मला कोणी विचारलं नाही, बाबा."
तसेच निघून गेले. पिल्लू न घेता.

१८ फेब्रु.
मानिसवरचा हक्क सोडल्याची सही करून दिली अबू सालेमनी. घरातल्या मुलांना काय सांगू, म्हणत होते. मानिस सरकारी क्वारंटाइनमध्ये. बोर्निओतल्या एका केंद्राला मेल केला. तिथे अशा अनाथ पिल्लांना चढायला, घरटं बांधायला शिकवतात आणि मोठी झाली की जंगलात सोडतात.

२ मार्च
केंद्राचं उत्तर आलं. नेतो, पण क्षय नाही ह्याची खात्री हवी. माणसाचा रोग जंगलात नेता येत नाही. इथे एक्स-रेमध्ये उजवीकडे डाग! डॉ. पा. म्हणाले, "वहिनी, हे काही बरं दिसत नाही." सीतीचीही तपासणी केली. ती स्वच्छ. मानिसला कफ थुंकता येत नाही, म्हणून पोटातलं पाणी काढून कल्चरला दिलं. निकालाला दोन महिने तरी.
क्षय निघाला तर जन्मभर पिंजरा. ह्यांना दुखानला, कामावर, फोन केला. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "तू जेवलीस का?" नव्हते.

१९ मार्च
सीती नसली की मानिस खात नाही. अबू सालेम रोज दुपारी स्वतः सीतीला क्वारंटाइनला आणून सोडतात. त्यांच्या बायकोला हे पसंत नाही.
केंद्राची सूचना: माणसाला चिकटणं हळूहळू तोडा, फांद्यांना चिकटू दे. सिदराच्या, म्हणजे इथल्या बोरीच्या, फांद्या काटे काढून बांधल्या. सीती आत बसते, हात मांडीखाली दाबून. मानिस आज तिचं एकेक बोट ओढून बाहेर काढत होती. सीतीने हात हलवला नाही. मला बघवेना, बाहेर जाऊन उभी राहिले.

३ एप्रिल
सीती आता जाळीबाहेर बसते. मानिसने दोन दिवस अन्न टाकलं. आज पपई खाल्ली, आमच्याकडे पाठ करून.

२४ एप्रिल
खजुराच्या झावळ्या टाकल्या होत्या. मानिसने दोन ओढल्या, वाकवून बुडाखाली घेतल्या, दाबून वर बसली. घरटं! सीती जाळी धरून ओरडायला लागली. घरी लेकीला, ईशाला, सांगितलं तर म्हणाली, "हू टॉट हर?" कोण शिकवणार. आईचंच बघितलेलं असेल, जेवढे दिवस ती होती...

९ मे
कल्चर निगेटिव्ह!! डाग जुन्या न्यूमोनियाचा. डॉ. पां.नी सगळ्यांना करक, इथला दाट दुधाचा चहा, पाजला. स्वतःचा कप हातातच राहिला.

२१ जून
गेली. केंद्राच्या डॉक्टरीणबाई न्यायला आल्या होत्या. त्यांनी सीतीला बजावलं होतं, तिला दिसू नका. सीती आमच्या गाडीमागे उभी, ओढणीचं टोक तोंडात. पेटीतून मानिसचं हूं हूं चाललेलं. पेटीची गाडी वळल्यावर मला म्हणाली, "खलास?" मी म्हटलं, "खलास."
अबू सालेम तिथेच होते. तिला विचारलं, "तू घरी कधी जाणार?"
"करार संपला की. अजून दोन वर्षं, बाबा."
"ह्याच महिन्यात जाऊन ये. तिकीट मी काढतो."
सीती माझ्याकडे बघत राहिली, मीच खरं-खोटं सांगावं तशी.

४ सप्टेंबर
सीती परत आली. मुलगा आधी ओळखेना, आजीच्या मागे लपला. निघताना मात्र सोडेना. एवढंच बोलली. मग मानिसचं काय म्हणून विचारलं. चढते, म्हटलं. उतरता येत नाही अजून.

११ नोव्हेंबर २००९
केंद्राचा मेल. मानिसला जंगलात सोडलं. अकरा दिवस केंद्राची माणसं तिच्यावर नजर ठेवून होती. उंचावरच राहायची, माणूस दिसला की फांद्या मोडून फेकायची. बाराव्या दिवसापासून दिसलेली नाही. शोध चालू आहे.
सीतीला फोन केला, ती अजून त्याच घरी आहे. 'दिसलेली नाही' हे दोनदा वाचायला लावलं.
"रानात आत गेली, का मेली?"
"त्यांनाही माहीत नाही, सीती."
मग म्हणाली, "आत्ता तिकडे झाडांना फळं आहेत का, ते विचार. फळं असली तर ती कशाला खाली येईल?"

१५ नोव्हें.
फळांचं विचारून त्याच दिवशी केंद्राला मेल टाकला होता. उत्तर नाही. सीतीचे आज दोन फोन.