जळणाऱ्या कचऱ्यातलं ब्लेड

सेंदाई, १२ नोव्हेंबर

तीर्थरूप आईस,
शुहेईचा सा. न. वि. वि.

काल ऑफिसात तुमच्या गल्लीप्रमुख मुकाईबाईंचा फोन आला. तुझी जळणाऱ्या कचऱ्याची पिशवी कचरागाडीवाल्यांनी ‘चुकीचा कचरा’ अशी लाल चिठ्ठी चिकटवून तशीच सोडली, म्हणून बाईंनी ती उघडली म्हणे. आत दाढीची ब्लेडं! बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, आई. तुझ्याकडे कुणी पाहुणे आहेत का, असं त्या मला विचारत होत्या. काय सांगणार मी? शरमेनं मान खाली गेली. सत्तरी उलटली तुझी, लोक काय म्हणतील याचा जरा तरी विचार केलास? कोण आहे तो माणूस, सरळ लिही.

युमी आणि मुलं मजेत. थंडी वाढलीये, जपून राहा.

तुझा,
शुहेई

इशिदाते, १५ नोव्हेंबर

चि. शुहेई यास आईचे अ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता मिसोचं सार उतू गेलं, तेही तुझ्याच खात्यावर मांडते.

त्यांचं नाव ओनोदेरा. घाटातली बस चालवायचे, आता निवृत्त. घरचा कचरा त्यांची बायकोच वेगळा करायची. ती गेली, आणि यांना बाटलीचं झाकण वेगळं टाकायचं असतं हेसुद्धा ठाऊक नाही! तोंडाला फेस येईस्तोवर शिकवते मी. दुधाचा खोका धुवायचा, कापायचा, वाळवायचा. ब्लेडं धोक्याच्या कचऱ्यात, महिन्यातून एकदाच. हो हो म्हणतात, आणि परवा माशाच्या काट्यांत ब्लेडं टाकून मोकळे! असं फैलावर घेतलं त्यांना, की जेवायला बसायची हिंमत होईना.

चूक झाली, मान्य. पण अशी सोडलेली पिशवी मालकिणीच्या दारात आणून ठेवतात. उघडतात ती बिननावाची. माझं ठसठशीत नाव होतं तिच्यावर! तरी त्या मुकाईनं भर चौकात चार बायकांसमोर ती उपसली. आणि तू तिच्यावर नाही, माझ्यावर चिडतोस? शाबास रे माझ्या वाघा!

मुलांना गोड पापा.

तुझी,
आई

सेंदाई, १९ नोव्हेंबर

तीर्थरूप आईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या घरात दुसरा पुरुष मला बघवणार नाही. नववर्षाला ते गृहस्थ तिथे असतील, तर आम्ही येणार नाही. काय ते तू ठरव.

शुहेई

इशिदाते, २३ नोव्हेंबर

चि. शुहेई यास अ. आ.

ठरवलं. ओनोदेरा इथेच राहतील.

मुकाईच्या दारात जाऊन तिला चांगलं खडसावून आले. ती माफी मागत दहा वेळा वाकली, पण मनातून हसत असणार मेली. हसू दे. नववर्षाचे तांदळाचे मोची-लाडू तुमच्याही वाटणीचे करणार आहे. यायचं तर त्यांना नीट नमस्कार करून आत यायचं, नाहीतर खुशाल तिकडेच राहा. मुलांना मात्र पाठव, त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

आणि एक ऐक, फार दिवस पोटात ठेवलंय. तुझे बाबा गेल्यावर, ओनोदेरा येईपर्यंत, इतकी वर्षं माझ्या पिशवीत काय असायचं? एका अंड्याचं टरफल, एका कपाचा चहाचा चोथा. आठवड्याची पिशवी अर्धीसुद्धा भरायची नाही. गल्लीतल्या सगळ्यांना ती दिसायची. तेव्हा मुकाईनं तुला फोन केला नाही, आणि तूही मला केला नाहीस.

आशीर्वाद आहेत, रागही आहे. दोन्ही घे.

आई