बिगुल आणि तुझी उलटी चप्पल

माय, आम्ही कुत्रा पाळलाय. अंगणात नाही, घरात. हे पहिल्याच ओळीत सांगून मोकळी होते, नाहीतर पुढचं सगळं लिहिताना तुझा चेहरा समोर दिसत राहील. वाटूरच्या घरी आपल्या तांबड्या कुत्र्यानं उंबऱ्यावर नुसता पंजा टेकवला तरी तू भाकरी तव्यावर तशीच टाकून उठायचीस. त्याची जागा ठरलेली होती, बाहेर, रांजणाच्या ओलाव्याला. आणि आमचा हा आत्ता माझ्या खुर्चीखाली झोपलाय, फरशीवर, पंख्याच्या वाऱ्यात. लाइट गेली की माझ्याकडे असं बघतो जणू मीच घालवली.

हा आपल्याकडचा कुत्रा नाही. तीन रंगांचा आहे, पाय आखूड, कान एवढे लांब की पाणी पिताना भांड्यात बुडतात. इथे अंबडला एक साहेब होते, त्यांची बदली झाली आणि नव्या जागी कुत्रा चालत नव्हता. मी कोर्टात नक्कलेच्या टेबलावर बसते, तिथं त्यांच्या बाईंची ओळख झाली होती. एकदा नातीला तुझ्या घेऊन गेले त्यांच्या बंगल्यावर आणि संपलंच. पोरगी त्याच्या गळ्यात पडली आणि तो तिच्या. बाईंनी जातीचं नाव सांगितलं, बीगल. आमच्या गल्लीत पोचेपर्यंत त्याचा बिगुल झाला. "काय, बिगुल आणला म्हणे?" असं जो तो विचारायला लागला आणि मग तेच नाव पडलं. हे म्हणाले, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पण म्हणता म्हणता त्याचं पोट खाजवत होते, ते मी पाहिलं.

बाई म्हणाल्या होत्या, बच्चों के साथ बहुत अच्छा है, कधी चावणार नाही. ते खरं निघालं. बाकीचं आम्ही अंगावर घेऊन शिकलो. याला भूक कधी संपतच नाही. मोसंबीच्या साली, पोरीचा खोडरबर, देवापुढचा नारळ, मळून ठेवलेली कणीक, सगळं गेलं. भीती वाटायची की एक दिवस नको ते खाऊन मरून पडेल आणि पोरीला काय सांगू. त्याहून मोठी भीती त्याच्या नाकाची. एकदा नाक जमिनीला लागलं की याचे कान बंद. हाक मारा, भाकरी दाखवा, काही नाही, वास जाईल तिकडे तो जातो. बाजाराच्या दिवशी दार उघडं राहिलं तर थेट मटणाच्या दुकानांमागे सापडला, आणि मी कोर्टाच्या साडीत, घामाघूम, लोकांना विचारत फिरत होते, "कानवाला कुत्रा पाहिला का?" तेव्हापासून कडी लावली की परत जाऊन ओढून बघते. अर्ध्या रस्त्यातून परत येऊन बघते. हे हसतात. तुझाच स्वभाव आहे हा, मला तो नको होता पण आला.

आणि एक गोष्ट बाईंनी जीपमध्ये बसता बसता सांगितली होती, "याला एकटं सोडू नका हं." आम्हाला वाटलं, मायेनं म्हणतायत. ती माया नव्हती, सूचना होती. आम्ही तिघं सकाळी बाहेर पडतो. मी कोर्टात, हे एस.टी.वर कंडक्टर, पोरगी शाळेत. दाराला कुलूप लागलं की हा मान वर करून सुरू होतो. भुंकत नाही, माय. लांब, वर चढत जाणारा आवाज काढतो, थांबतो, पुन्हा काढतो. त्याच्या जातीला कळपात राहायची सवय, एकटं पडलं की ते बाकीच्यांना हाक मारतात, असं मागून कुठेतरी वाचलं. पण गल्लीनं तो आवाज ऐकला तो आपल्या कानांनी. गल्लीत एकच बोलणं, बिगुल रडतो.

कुत्रं रडतं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. त्यात आमच्या भिंतीला भिंत लावून मावशी राहतात. नात्यानं कुणी नाहीत, पण पोरीच्या वेळी मला पहिला शिरा त्यांनी खाऊ घातला, तू नव्हतीस म्हणून. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून त्या खाटेवर. मुलगा मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची हमाली करतो, सून शेतावर जाते. एका संध्याकाळी मुलगा आमच्या दारात उभा राहिला. आत या म्हटलं तर आला नाही.

"वहिनी, तुमचं कुत्रं दिवसभर रडून राह्यलं."

"भाऊ, ते रडत नाही, त्याची जातच तशी आहे."

"जात मला समजत न्हाई. माझी माय पडून हाये. उद्या काही बरंवाईट झालं, तं मंग मी कुणाला बोलू?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बघून बोलला, आणि मला त्याचं म्हणणं बिलकुल पटलं. तीच माझी फजिती होती. मी बी.ए. झालेली, पोरीला सांगणारी की अपशकुन वगैरे काही नसतं, आणि संध्याकाळी घरात शिरले की माझे कान मावशींच्या भिंतीला लागायचे. खोकला आला की हायसं वाटायचं. ह्यांनी तोडगा काढला. यांच्या डेपोत धावडा गावचा एक ड्रायव्हर आहे, त्याच्या शेतावर सोडू, मोकळं रान मिळेल. पोरगी ताटावरून उठली. तिला माहीत होतं, मलाही, की मोकळं रान मिळालं तर तो पहिल्याच दिवशी नाक खाली घालून चालायला लागेल आणि परत कधी सापडणार नाही. रविवारी न्यायचं ठरलं.

तेव्हा तू फार आठवलीस. बाबा आजारी होते तेव्हाची तू. मी शाळेत होते. एरवी माझी चप्पल उलटी पडलेली दिसली की तू पाठीत धपाटा घालायचीस, "भांडणं लावतीस का घरात?" आणि त्या दिवसांत आपलं तांबडं कुत्रं रांजणापाशी तोंड वर करून रडायला लागलं की तू स्वतःच उठून बाहेर जायचीस, पायातली एक चप्पल काढायचीस आणि त्याच्यापुढे उलटी ठेवायचीस. मग तिथंच बसायचीस, एक पाय अनवाणी. कुत्रं गप्प व्हायचं. मला वाटायचं, चपलेनं होतं. बाबा गेले. दिवसकार्य झाल्यावर काका काठी घेऊन आले, म्हणाले, ह्या कुत्र्यानंच बोलावलं त्याला. तू कधी काकांसमोर पदर खाली येऊ दिला नाहीस, पण त्या दिवशी मधे उभी राहिलीस. "त्याला आपल्या आधी कळलं, येवढाच त्याचा गुन्हा. बोलावलं न्हाई त्यानं." काका काठी टेकवत निघून गेले. तू आत आलीस आणि मलाच रागावलीस, काय बघून राह्यली, पाणी भर जाय.

तर मी काय केलं असेल? चप्पल उलटी केली. कोर्टात जाताना माझी जुनी चप्पल बिगुलपुढे उलटी ठेवून गेले. परत आले तर तिचा अंगठा खाऊन झाला होता. पण गल्लीत विचारलं तर कळलं, आज जरा कमी रडला. हे ऐकून समोरच्यांनीही आपल्या दारात एक चप्पल उलटी ठेवली, मग त्यांच्या शेजारणीनं, मग पिठाच्या गिरणीवाल्यानं बूट. दोन दिवसांत सगळी गल्ली उलट्या चपलांची. आणि शनिवारी मी घाईत कडी ओढून बघायला विसरले, कुलूप नीट बसलंच नव्हतं. नेमकी त्याच दिवशी! शाळा सुटल्यावर पोरीनं पाहिलं, बिगुल आमच्या पाण्याच्या टाकीखाली बसलाय आणि त्याच्याभोवती गल्लीतल्या सगळ्या उलट्या चपला. एकेक दारात जाऊन, वास घेऊन, उचलून आणलेल्या. लोक एका पायात चप्पल घालून आमच्या दारात. गिरणीवाला म्हणतो, "अपशकुन न्यायला ठेवल्ता, ह्यानं बूटच नेला!" मी माफी मागतेय, पोरगी चपला जुळवतेय, बिगुल शेपूट हलवतोय, त्याला वाटतंय सगळे त्यालाच भेटायला आलेत. मला रडू येत होतं, खरंच. रविवार उद्यावर आला होता आणि आता बिगुलसाठी कुणी एक शब्द मधे घालणार नव्हतं.

तेवढ्यात मावशींच्या घरातून आवाज आला. मला वाटलं, झालं. मी धावले, मुलगा माझ्या आधी. मावशी हसत होत्या. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण हसतच होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खाट दारातच, सगळं त्यांनी पाहिलं होतं. झटक्यानंतर त्या पहिल्यांदा हसल्या असं सून म्हणाली. मग त्यांनी चांगला हात उचलून बाहेर दाखवला.

"त्येला... आण."

मुलगा म्हणाला, "माय, त्येच रडतं ना दिवसभर."

"मंग?" त्या एकेक शब्द ओढून आणत होत्या. "तुमी समदे... जाता. त्येचा आवाज आला की... वाटतं, कुणी तरी हाये."

मुलानं माझ्याकडे पाहिलं नाही. टाकीपाशी गेला, बिगुलच्या पट्ट्याला धरून घेऊन आला. बिगुलनं मावशींचा लुळा हात हुंगला, बराच वेळ, सगळी बोटं, आणि खाटेखाली जाऊन पसरला. रविवारी धावड्याला कुणी गेलं नाही. सकाळी बाहेर पडताना आता मी कुलूप लावते आणि बिगुलला शेजारी सोडते. भिंतीच्या एका बाजूला त्या एकट्या, दुसऱ्या बाजूला हा एकटा, एवढंच होतं. इतके दिवस आम्ही चपला उलट्या करत बसलो.

पण तुला माहीत आहे, मला सुख टोचतं. मावशींचं वय झालंय. आज सकाळी त्यांना पुन्हा तपासायला जालन्याला नेलं, श्वास लागत होता. जीप गल्लीच्या बाहेर पडली आणि बिगुल सुरू झाला. आम्ही घरात असताना. एकटा नसताना. पोरगी म्हणाली, आई, तो फक्त त्यांना हाक मारतोय. असेल. मी ट्रंकेपाशी गेले आणि तळातून तुझी चप्पल काढली. तू गेलीस तेव्हा मी होस्टेलवर होते, येईपर्यंत सगळं देऊन टाकलेलं, रांजणामागे ही एकच राहिली होती. ती फडक्यातून सोडली आणि त्याच्यापुढे उलटी ठेवली.

तो गप्प झाला. हुंगत राहिला. मग नाकानंच ती सुलटी केली, त्यावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले. आजवर या घरातली एक चप्पल त्यानं सोडली नाही, माय. तुझ्या चपलेला त्यानं दात लावला नाही. मी तिथंच त्याच्याशेजारी फरशीवर बसले, तू बसायचीस तशी, आणि मग हे लिहायला घेतलं.

आत्ता फोन आला. मावशी बऱ्या आहेत, उद्या आणतायत. मुलगा म्हणाला, "विचारून राह्यल्या, बिगुल जेवला का?" जेवला म्हटलं, दोनदा. आता हा कागद कुठे ठेवायचा तो प्रश्न आहे, खाली ठेवला तर हा खाऊन टाकेल. ट्रंकेतच टाकेन.

एक सांगायचं राहिलं. चप्पल त्याच्यापुढे ठेवायच्या आधी, पोरगी बघत नाही असं पाहून, मी ती नाकाशी धरली होती. चामडं आणि धूळ, बाकी काही नाही. तुझा वास मला आता आठवत नाही, माय. त्याला येतो.