मंदाच्या स्थळांची चाळणी

मानवत,
दिवाळी पाडवा, १९९३

वालूर मुक्कामी तीर्थस्वरूप आबासाहेबमामांना भाचा बन्सीधर याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा आणि मामींचा राग, दोन्ही आता उताराला लागले असतील असं धरून चालतो. पत्रास कारण की, आपल्या मंदासाठी पूर्णेच्या स्थळाला तुम्ही तुळशीच्या लग्नाआधी होकार कळवणार असं कानावर आलं आणि माझ्या हातातला चहा पँटवर सांडला (कढत होता). मामा, हात जोडतो, थांबा. ते स्थळ आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरने निवडलं हे खरं. पण का निवडलं ते ऐकून घ्या.

तुम्ही मंदासाठी आलेल्या पत्रांची पिशवी घेऊन आमच्या कापसाच्या अडतीवर आलात आणि माझ्या खुर्चीत बसून (मी उभाच) फर्मावलंत, "नोकरीवाला पायजे, जमीन पायजे, आन व्यसनाचं नाव नको. मशीनला सोयरेधायरे न्हाईत, ती खरं सांगल." सगळी पत्रं मशीनमध्ये उतरवता उतरवता माझी बोटं सुजली, ते असो. आता आम्ही ज्या भाषेत मशीनला काम सांगतो, तिच्या कोठारात (याला लायब्ररी म्हणतात, पुस्तक एकही नसतं) 'रेग्युलर एक्सप्रेशन' नावाची एक तयार सोय असते. आपल्याला हव्या त्या मजकुराचा नमुना लिहून दिला, की त्याची एक वस्तू बनते. चाळणीच म्हणा ना. ती एकदाच बनवून ठेवायची आणि एकेका पत्राला लावत जायची. मी अतिशहाणा, दर पत्राला चाळणी नव्याने विणत बसलो. मशीन घरघरायला लागली, निकाल न्यायला आलेल्या तुमची एक डुलकी झाली आणि आमचे मुनीम दत्तराव "हिला ताप आलाय का?" म्हणत वरून हात लावून गेले.

बरं, चाळणी एकदाची झाली, तर तिचा स्वभाव असा की तिला अक्षरं दिसतात, माणूस दिसत नाही. 'नोकरी' कुठेही सापडली की ती खूश. त्यामुळे ज्याचा थोरला भाऊ नोकरीला आणि जो स्वतः पारावर, तो पास! एकाने जमीन विकून जीप घेतल्याचं अभिमानाने लिहिलं होतं, तोही पास. 'चिरंजीव'पासून 'पाटील'पर्यंत मुलाचं नाव उचल म्हटलं, तर ही अधाशी पहिल्या पाटलावर थांबेना. थेट पत्रातल्या शेवटच्या पाटलावर जाऊन टेकली, आणि मुलाच्या नावात त्याचा आजा, दोन मामे आणि बांधावरचा शेजारी एवढी मंडळी येऊन बसली. पण खरी मजा पुढेच. व्यसनाचं नाव नको, असं तुम्ही म्हणालात आणि मीही शब्दाला शब्द तेच सांगितलं. झालं! ज्यांनी ज्यांनी 'मला कसलंही व्यसन नाही' असं लिहिलं होतं, ती सगळी सज्जन पोरं बाहेर. बाकीचेही कशा ना कशात अडकले, आणि वर आला तो पूर्णेवाला. त्याच्या पत्रात व्यसनाबद्दल चकार शब्द नाही. शेवटी फक्त 'बाकी समक्ष भेटीत बोलू.' मी चाळणी दुरुस्त करतो म्हणेपर्यंत तुम्ही कागद खिशात घातलात आणि वालूरला परतायला सेलूची एसटी गाठलीत.

पूर्णेला माझा दोस्त आश्रुबा रेल्वेत आहे. त्याला विचारलं, तर म्हणाला, "पोरगं सोभावानं लय चांगलं हाय, पर सांजंला स्टेशनामागून उचलून आणायला दोघं लागतात." आता बोला! तेव्हा मी नवी चाळणी केली. या वेळी शब्द कुठेही सापडून भागणार नाही, ओळ सुरुवातीपासून शेवटापर्यंत जुळली पाहिजे अशी अट घातली. त्यातून एकच स्थळ राहिलं. मुलगा चांगला आहे, असं त्याला ओळखणारे म्हणतात.

मामींना नमस्कार. मंदाला आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे, पण हात धजावत नाही, म्हणून ती जागा कोरी सोडली आहे.

आपला आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
बन्सीधर

ता.क. मुलगा मानवतला असतो, नोकरी पक्की, सातबारावर नाव, आजोळ वालूर. त्याचं पत्र तुमच्या पिशवीत नव्हतं, ते मीच मशीनमध्ये घातलं. चाळणीची भोकंही त्याच्याच मापाने पाडली. मामा, तो मीच. भाच्याला लेक देणार नाही असं तुम्ही चारचौघांत बोलून बसलात, म्हणून मशीनला पुढं केलं. मंदा दुसरीकडे गेली तर मला अन्न गोड लागणार नाही. ती मला द्या.

ता.क. दुसरा. नाही म्हणायचं असेल तर मला न कळवता आधी मामींना सांगा. पोळ्याला तुम्ही वेशीत बैल मिरवत होतात, तेव्हा तुमच्याच माजघरात मामींनी आणि माझ्या आईने आमची सुपारी फोडली. तुम्हाला सांगायचं कोणी यावर सगळं अडलं होतं. मंदाने माझं नाव सुचवलं.